पोरगा ठणठणीत आहे

रविवार, ११ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंनी वही ठेवायला सांगितलंय. रक्तदाब चढला की त्या दिवशी काय झालं ते लिहायचं, म्हणजे म्हणे कारण सापडतं. मला कारण न लिहिताच ठाऊक आहे. पण वर्नानं निळी वही आणून टेबलावर ठेवली, आणि सेहेचाळीस वर्षांच्या संसारात मी एवढं शिकलोय की तिनं टेबलावर ठेवलेली वस्तू आपोआप हलत नाही.

तर कारण: पॉटर्स.

या गावात एके काळी कपबश्यांचे नऊ कारखाने होते, म्हणून आमच्या बेसबॉल संघाचं हे नाव, पॉटर्स म्हणजे कुंभार. मी स्वतः अडतीस वर्षं कपांना कान चिकटवले. आता कारखाना एकही नाही, संघ तेवढा उरलाय. कारखान्यांनी जाताना एकदाच रडवलं. हे दर उन्हाळ्यात रडवतात.

आज शेवटच्या डावात दोन धावांनी पुढं होतो. प्रतिस्पर्ध्यांचे दोन गडी बाद, तिन्ही बेसवर त्यांची माणसं, आणि एक चेंडू उंच उडाला. सरळ आमच्या डावीकडच्या पोराच्या हातात. झेल कसला, आंदणच ते. त्यानं तो सोडला, आणि खाली पडलेल्या चेंडूकडे असा बघत राहिला की जणू रस्त्यात कुणाचा तरी दात पडलेला दिसलाय. तीन धावा गेल्या. मग आमच्या तिघांनी येऊन बॅटनं वारा घातला आणि आम्ही घरी आलो.

शेजारच्या खुर्चीवरचा क्लीट म्हणाला, "अजून चार आठवडे आहेत." हा क्लीट आमच्या गावचा न्हावी, आता निवृत्त. तीस वर्षं शेजारी बसतोय आणि तीस वर्षं हेच म्हणतोय. चार संघ प्लेऑफला जातात. आम्ही पाचवे. आम्ही नेहमी पाचवे असतो. एकोणीस वर्षांपूर्वी एकदा चौथे आलो होतो आणि पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळला होता.

घरी आलो तर बेसिनमध्ये सूर्यफुलाच्या बियांची थुंकलेली टरफलं. ती ओरिनची. ओरिन टॅलबर्ट हा आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, मिसिसिपीचा, वय सत्तावीस. आमच्यासारख्या छोट्या लीगमधल्या पोरांना पगार पोटापुरताही नसतो, म्हणून चाहतेच त्यांना घरात ठेवून घेतात. वर्नानं मे महिन्यात याला आणला. मला विचारलं होतं, पण मी उत्तर देईपर्यंत शिवणकामाच्या खोलीत पलंग लागला होता.

टरफलं मी काढली. किळस आली.

बुधवार, १४ ऑगस्ट

ओरिननं आज चेंडू फेकला नाही, नुसती जादू केली. नऊ जण हवेत बॅट फिरवून परत गेले. क्लीटकडे चेंडूचा वेग मोजायचं यंत्र आहे, पोलिसांकडे असतं तसलं, कुठल्याशा जुन्या बाजारातून आणलेलं. त्यावर ताशी एक्क्याण्णव मैल, एक्क्याण्णव, ब्याण्णव. आम्ही जिंकलो, आता चौथ्या संघापासून दोनच सामने मागं.

येताना गाडीत मी शीळ घालत होतो म्हणे. वर्नानं सांगितलं. मी लगेच बंद केली. आशेसारखी घाणेरडी सवय दुसरी नाही. सिगारेट मी एका आठवड्यात सोडली होती.

सोमवार, १९ ऑगस्ट

फ्रीजरमध्ये बर्फाचा एक खडा नाही. सलग चौथा दिवस. मी काय कोमट लिंबूपाणी प्यायचं? वर्ना म्हणते, ओरिनला लागतो. कशाला लागतो? म्हणे उकाडा आहे. मिसिसिपीच्या माणसाला आमच्या ओहायोत उकडतं, हे आजच ऐकलं.

शिवाय त्या खोलीतून मलमाचा असा उग्र वास येतो की जिना चढताना नाक धरावं लागतं. घोड्याच्या तबेल्यात असतो तसला. हल्लीच्या पोरांना अत्तरं सुद्धा कसली आवडतील याचा नेम नाही.

गुरुवार, २२ ऑगस्ट

काल रात्री जिंकलो, पण कसे ते लिहायची लाज वाटते. ओरिननं चेंडू भरकटवून चार जणांना फुकट बेस देऊन टाकले. क्लीटच्या यंत्रावर सत्त्याऐंशी. एकदा तर पंच्याऐंशी. क्लीट म्हणाला, "एका चांगल्या सामन्यानं डोक्यात हवा गेली पोराच्या. घरात ठेवतोस ना, मग जरा कान उपट."

आज न्याहारीला उपटले. मी म्हटलं, या गावात एकेचाळीस वर्षं मी त्याच खुर्चीवर बसतोय, पाऊस असो, ताप असो, बहिणीचं लग्न असो. आम्ही काही मागत नाही, फक्त जीव तोडून खेळा. तो ताटाकडे बघत "हो, सर" म्हणाला. कॉफीचा कप डाव्या हातात, त्यामुळं थोडी टेबलक्लॉथवर सांडलेली. वर्नानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या आईच्या फोटोवर काही सांडलंय.

मी म्हटलं, "काय? खोटं बोललो का?"

ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा रक्तदाब जास्त चढतो, हेही डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं.

रविवार, २५ ऑगस्ट

आज जे बघितलं त्यानं जेवण घशाखाली उतरेना. रविवारचं डुकराचं मटण होतं, चांगलं जाड कापलेलं. मी बाहेर कुंड्यांना पाणी घालून आत आलो तर वर्ना ओरिनच्या ताटातलं मटण सुरीनं बारीक कापून देत होती. सत्तावीस वर्षांचा सहा फुटी घोडा, आणि ही त्याला घास करून देतेय. मला बघताच तिनं सुरी खाली ठेवली आणि तो लालबुंद झाला.

लाज तरी वाटली, एवढं बरं. माझं मटण हिनं एकदा तरी कापलं असेल तर शपथ.

हे असले लाड केले की पोरं मऊ पडतात. मग चेंडू पंच्याऐंशीनं जाणार नाही तर काय होईल.

मंगळवार, २७ ऑगस्ट

सलग तिसरा विजय. स्टॉकडेलवाले चौथे, आम्ही एकाच सामन्यानं मागं.

नव्या मालकांना मात्र खेळाशी काही देणंघेणं नाही. मधल्या वेळेत एकाला फोमच्या भल्या मोठ्या कपाचा वेश घालून मैदानात नाचवतात. त्या कपाचा कान चक्क उलटा बसवलाय. कानाच्या वजनानं तो बिचारा कलून पडला आणि चार हजार माणसं हसली. मी अडतीस वर्षं कान बसवले. उठून प्रसाधनगृहात गेलो आणि तिथं कागदही नव्हता.

शनिवार, ३१ ऑगस्ट

स्वयंपाकघरात दोघांची कुजबुज चालते आणि मी आलो की थांबते. माझ्याच घरात मी पाहुणा.

ओरिन हल्ली बसल्या बसल्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मांडीवर घासत असतो. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "मुंग्या येतात कधी कधी, सर." मी म्हटलं, मलाही येतात, पण मी सत्तर वर्षांचा आहे. तो हसला. हसतो छान. तसा वाईट नाही पोरगा. काल मला पायऱ्यांवर बसून विचारत होता, एकोणीस वर्षांपूर्वीच्या प्लेऑफची हकीगत. मी सगळी सांगितली, शेवटचा चेंडू कुठं पडला तोसुद्धा. तो म्हणाला, "म्हणजे तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. यंदा आपण पुढं जाऊ, सर."

आपण म्हणाला. मला ते आवडलं. आवडलं याचा रागही आला.

संध्याकाळी वर्ना म्हणाली, "त्याला जरा मोकळं सोड, एल्डन."

"मी कुठं बांधून ठेवलाय?"

"तुला खरंच दिसत नाही ना?" ती म्हणाली आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली. काय दिसायचंय? मोतीबिंदू गेल्याच वर्षी काढलाय.

मंगळवार, ३ सप्टेंबर

ओरिनला पाचव्याच डावात बसवलं. आम्ही एका धावेनं पुढं होतो. त्याच्या जागी आणलेल्यानं सगळं घालवलं. आमचे कोच हॅनिगन म्हणजे संशयाचा पुतळा. पिचर जरा घाम पुसायला लागला की यांना वाटतं आता मेला. हरलो.

पण स्टॉकडेलही हरलं. शनिवारीच त्यांना गाठलं होतं, त्यामुळं दोन्ही संघ बरोबरीतच, आणि शेवटचा सामना येत्या रविवारी दुपारी, आमच्या मैदानावर, त्यांच्याशीच. जो जिंकेल तो प्लेऑफला.

क्लीटनं घरी जाताना माझा दंड धरला. सत्तरीच्या माणसांनी असं करावं हे बघवत नाही. मीही त्याचा दंड धरला होता.

गुरुवार, ५ सप्टेंबर

आज एक काम मार्गी लावलं, म्हणून सविस्तर लिहितो.

सकाळी क्लीट बातमी घेऊन आला की हॅनिगन रविवारी ओरिनला फेकायला देणार नाही, त्याच्याऐवजी दुसऱ्या पिचरला, त्या बावीस वर्षांच्या शेळपटाला देणार. आयुष्यातला एक सामना, आणि पाळी ओरिनची असताना दुसरा? पाठीराखे मंडळाचा मी सचिव आहे. नुसतं वर्गणी गोळा करायला सचिव नसतो. कोट घालून सरळ मैदानावर गेलो.

हॅनिगन त्यांच्या त्या कोंदट खोलीत बसले होते. तिथल्या मोज्यांच्या वासानं मळमळलं. मी विषय काढला तर आधी म्हणाले, संघ निवडायचं काम माझं. मग जरा वेळानं स्वतःच बोलले. "वेग पडलाय त्याचा. हात दुखत असावा असा मला संशय आहे. विचारलं तर नाही म्हणतो, सगळेच नाही म्हणतात. प्रुइट, तो तुमच्या घरात राहतो. उठता बसता डोळ्यांसमोर असतो. तुम्ही काय सांगता?"

मी म्हटलं, "पोरगा ठणठणीत आहे. घोड्यासारखा खातो, दहा दहा तास झोपतो. एकदा तोंडातून तक्रार ऐकली नाही मी."

"नक्की?"

"माझ्या शब्दावर जा."

त्यांनी ओरिनला बोलावलं. तो दारात उभा राहिला. हॅनिगन म्हणाले, "हे म्हणतात तू ठणठणीत आहेस. खरं का?"

ओरिननं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मिस्टर प्रुइट म्हणतात तसंच आहे, सर."

झालं. रविवारी ओरिन.

रात्रीच्या जेवणाला मी ही गोष्ट वर्नाला सांगितली. वाटलं होतं, पोराची बाजू घेतली म्हणून खूश होईल. तिनं हातातली बशी बेसिनमध्ये ठेवली, ठेवली कसली, टाकली, आणि पाठ करून उभी राहिली. ओरिन म्हणाला, "जाऊ द्या, मिस वर्ना. मलाच फेकायचंय."

बघा. त्यालाच फेकायचंय.

शनिवार, ७ सप्टेंबर

गावात दुकानादुकानांच्या काचांवर निळ्या पट्ट्या लावल्यात. पेट्रोल भरणाऱ्यानं मला ओळख नसताना विचारलं, "तुमच्याकडंच असतो ना तो? कसा आहे?" म्हटलं, वाघ आहे.

वाघ दुपारी पायऱ्यांवर बसून बूट पुसत होता, डाव्या हातानं. दार डाव्या हातानं उघडतो, दात डाव्या हातानं घासतो. क्लीटला विचारलं, हा काय नवा नखरा? क्लीट म्हणाला, "उजवा उद्यासाठी जपत असेल. शहाणा आहे पोरगा."

मग त्यानं आईला फोन केला. मला शब्द ऐकू आले नाहीत. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ नुसता रस्त्याकडं बघत होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "उद्या अख्खं गाव तुझ्या मागं आहे."

तो म्हणाला, "माहितेय, सर."

रविवार, ८ सप्टेंबर

जिंकलो. तीन दोन. एकोणीस वर्षांनी.

आज आणखी काही लिहवत नाही.

सोमवार, ९ सप्टेंबर

लिहायचं म्हटलं तर सगळं लिहायला हवं, नाहीतर वही जाळलेली बरी.

सहा डाव पोरानं अशी फेक केली की मी माझ्या उभ्या आयुष्यात बघितली नाही. वेग नव्हताच. क्लीटचं यंत्र ब्याऐंशी, त्र्याऐंशी दाखवत होतं. तो नुसत्या डोक्याच्या जोरावर फेकत होता. हळू, आणखी हळू, मधेच वळणारा. स्टॉकडेलचे दांडगे गडी आधी बॅट फिरवून मोकळे होत आणि चेंडू मागून येई. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. क्लीट म्हणाला, "हा फसवतोय त्यांना." मला कळलं नाही की पोर सगळ्यांनाच फसवतंय.

सातव्या डावात आम्ही दोन एक पुढं. त्यांचे दोन बाद, एक गडी तिसऱ्या बेसवर. ओरिननं हात मागं नेला आणि फेकला. आम्ही तिसऱ्या रांगेत बसतो. मला आवाज आला. कच्चा कप ओल्या फडक्यात गुंडाळून मोडला तर जसा येतो तसा. चेंडू झेलायला बसलेल्या कॅचरच्या डोक्यावरून मागच्या जाळीला जाऊन लागला आणि तिसऱ्या बेसवरचा गडी पळत येऊन धाव काढून गेला. दोन दोन.

मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो. काय ओरडलो ते लिहितो. "अरे गाढवा, नीट फेक ना!"

चार हजार माणसं हुर्यो करत होती, पण तिसऱ्या रांगेतला आवाज मैदानात पोचतो. त्यानं वर बघितलं. मग गुडघ्यांवर बसला. डाव्या हातानं उजवा कोपर असा धरला होता, जसा दुसऱ्या कुणाचा तरी हात सांभाळायला दिलाय. तेव्हा हुर्यो थांबली.

वर्ना माझ्या पलीकडं बसली होती. ती कधी उठली, कधी खाली उतरली, मला कळलं नाही. रुग्णवाहिका फाटकापाशी आली तेव्हा ती तिच्या शेजारी उभी होती. तिनं मागं वळून माझ्याकडे बघितलं आणि हातानं खूण केली, चल.

मी गेलो नाही.

सामना दोन दोन होता. मी म्हटलं, हा एवढा डाव संपू दे. तो शेळपट पोरगा आला आणि त्यानं त्यांना रोखलं. मग म्हटलं, आठवा संपू दे. नवव्यात आमच्या कॅचरनं चेंडू उजव्या कुंपणापर्यंत मारला आणि आम्ही जिंकलो. क्लीटनं माझ्या गालाचा मुका घेतला. मागच्या रांगेतल्या कुणीतरी आमच्या डोक्यांवर बिअर ओतली. मी नाचलो. दीड तास झाला होता त्याला नेऊन, आणि मी नाचलो.

इस्पितळात गेलो तेव्हा वर्ना बाकावर बसली होती. मी जवळ गेलो तशी बिअरच्या वासानं तिनं तोंड फिरवलं.

मी म्हटलं, "कसा आहे?"

"तीन आठवडे दुखतोय त्याचा हात," ती म्हणाली. "मला शपथ घातली होती. कळलं तर काढून टाकतील म्हणाला, मग सत्ताविसाव्या वर्षी कोण घेणार? मी बर्फ देत राहिले. मीही मूर्खच. पण एल्डन, तू रोज त्याच्या समोर बसून जेवत होतास."

आत गेलो. कोपरातला दोर तुटलाय, हाडांना धरून ठेवणारा. शस्त्रक्रिया, मग वर्ष दीड वर्ष. ओरिननं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न मला विचारला.

"जिंकलो का, सर?"

मी हो म्हटलं. तो हसला. मी बाहेर येऊन इस्पितळाच्या बेसिनमध्ये ओकलो.

आज सकाळी ही वही पहिल्यापासून वाचली. सगळं आहे हिच्यात. माझ्याच अक्षरात.

मंगळवार, १० सप्टेंबर

संघाकडून एक माणूस आला. ओरिनचं सामान खोक्यात भरून आणलं होतं, बूट, ग्लोव्ह, दाढीचं सामान. सोबत एकपानी पत्र, की करार संपला. परवा गाव त्याच्या नावानं ओरडत होतं. माणूस दारातूनच परत गेला. जाताना मला म्हणाला, "उद्या सामन्याला भेटूच, मिस्टर प्रुइट."

त्याच्या त्या पॉलिश केलेल्या बुटांवर थुंकावंसं वाटलं. पण मी कुणावर थुंकणार? पत्र टाईप करणाऱ्यानं त्याचा हात मोडला नव्हता.

बुधवार, ११ सप्टेंबर

प्लेऑफचा पहिला सामना. क्लीट न्यायला आला होता. मी गेलो नाही. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा खुर्ची रिकामी. क्लीट म्हणाला, "अरे, तो दुखणं लपवत होता. तू काय देव आहेस सगळं कळायला?" तो भल्यासाठीच बोलत होता. मला त्याचं तोंड बघवेना. त्याच्या तोंडात मला माझंच बोलणं ऐकू येत होतं.

नऊ एक हरले. तीनांतले दोन जिंकायचे असतात. मला काही वाटलं नाही. म्हणजे, असं मी वर्नाला सांगितलं.

ओरिनची गाडी मालवाहू आहे, गिअरची. एका हातानं चालवता येणार नाही. आई म्हातारी, एवढ्या लांब येऊ शकत नाही. मी वर्नाला विचारलं, त्याला घरी कोण पोचवणार?

"तू," ती म्हणाली. रविवारपासून मला उद्देशून बोललेला तिचा पहिला शब्द.

गुरुवार, १२ सप्टेंबर

केंटकीतल्या एका रस्त्याकडच्या लॉजमधून. दिवसभर गाडी हाकली. ओरिन शेजारी, हात गळ्यातल्या झोळीत. तो डाव्या हातानं रस्ते दाखवत होता आणि कुठं काय चांगलं खायला मिळतं ते सांगत होता. मी माफी मागायची असं ठरवून निघालो होतो. शंभर मैल गेले, दोनशे गेले. वाक्य जुळवायचो आणि समोर ट्रक यायचा.

शेवटी तोच बोलला. "तुम्ही त्या दिवशी कोचना काही सांगितलं नसतंत ना, सर, तरी मी फेकलंच असतं."

मी म्हटलं, "तुला बसवणार होते ते."

"हो."

"मग कसा फेकला असतास?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. मैलभर गेल्यावर म्हणाला, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं, सर."

स्वतःचा हात गमावलेलं पोर मला बरं वाटावं म्हणून धडपडतंय, आणि मला खरंच क्षणभर बरं वाटलं होतं. स्वतःचा इतका वीट मला कधी आला नव्हता. मी म्हटलं, "मी ते ओरडलो, गाढवा म्हणून. ऐकलंस का?"

"ऐकलं."

एवढंच. मी चूक झाली म्हटलं. तो "हो, सर" म्हणाला. न्याहारीला म्हणायचा त्याच आवाजात.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

दुपारी पोचलो. लाल मातीचा रस्ता, कडेला पेकनची झाडं, पांढरं लहान घर. त्याची आई, मिसेस टॅलबर्ट, दारातच उभी होती. माझ्यापेक्षा थोडी लहान असेल. शाळेच्या मुदपाकखान्यात काम करते. तिनं आधी त्याच्या झोळीकडे बघितलं, मग त्याचं डोकं खाली ओढून छातीशी धरलं. तो सहा फुटी माणूस वाकून तसाच उभा राहिला.

मग ती माझ्याकडे आली आणि तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाली, पोरगा फोनवर नेहमी सांगायचा, मिस्टर प्रुइट एकही सामना चुकवत नाहीत. मला समाधान होतं, म्हणाली, की तिकडे त्याच्याकडे बघणारं कुणीतरी आहे.

टेबलावर तळलेली कोंबडी, चवळी, मक्याची भाकरी. चांगलं ताट माझ्यासाठी काढलेलं. ओरिन आत आडवा झाला होता. ती वाढत होती आणि आभार मानत होती, आणि माझ्या तोंडात पहिला घास फुगत चालला. मी काटा खाली ठेवला.

मी म्हटलं, "बाई, त्याला रविवारी बसवणार होते. मी कोचना जाऊन सांगितलं की तो ठणठणीत आहे. माझ्या शब्दावर त्याला खेळवलं."

तिच्या हातात वाढायचा चमचा होता. तो तिनं भांड्यात ठेवला. खुर्ची ओढून समोर बसली. भिंतीवर ओरिनचे फोटो होते, सात वर्षांचा, बारा वर्षांचा, सतरा वर्षांचा, सगळ्यांत ग्लोव्ह. ती त्यांच्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

"का?" ती म्हणाली.

मी खूप शोधलं. शेवटी जे होतं ते सांगितलं. "आम्हाला जिंकायचं होतं."

ती उठली. बेसिनपाशी जाऊन तिनं हात धुतले, उगाच, स्वच्छच होते. पाठमोरी असतानाच म्हणाली, "जेवून घ्या. तुम्हाला लांब जायचंय."

मी जेवलो. ताटातलं सगळं संपवलं. ते टाकायचा मला हक्क नव्हता. पुन्हा तिनं वाढलं नाही आणि आभारही मानले नाहीत. बसपर्यंत तिच्या भाच्यानं पोचवलं. निघताना ओरिन दारात आला आणि त्यानं डावा हात पुढं केला. मी माझा उजवा केला, मग गोंधळून डावा केला.

शनिवार, १४ सप्टेंबर

मेम्फिसच्या बस स्टँडवर बसून लिहितोय. गाडीला दोन तास अवकाश आहे. बाकाखाली कुणीतरी उलटी केलीय आणि त्यावर वर्तमानपत्र टाकलंय. दुसरी जागा रिकामी आहे, पण मी इथंच बसलोय.

मघाशी क्लीटचा फोन आला. त्याचा आवाज बसला होता. काल आम्ही जिंकलो. चार धावा मागं होतो, तिथून वर आलो, दहाव्या डावात जिंकलो. आता एक एक. उद्या दुपारी निकालाचा सामना, आमच्याच मैदानावर. "तू उद्या सकाळपर्यंत पोचतोस ना?" तो म्हणाला. "तुझी खुर्ची मी कुणाला देत नाही."

मी त्याला सांगणार होतो, की मी आता येणार नाही, कधीच. हे मी काल रात्रभर बसमध्ये ठरवलं होतं, शब्दासकट. वर्नाला ते सांगायचं, आणि मंडळाचा राजीनामाही. मला त्या मैदानाची, त्या कपाची, त्या ओरडणाऱ्या चार हजारांची आणि त्यांतल्या तिसऱ्या रांगेतल्या एकाची मनापासून शिसारी आलीय. यातला एकही शब्द खोटा नाही.

पण तो "एक एक" म्हणाला तेव्हा माझी छाती धडधडायला लागली. आणि मी स्वतःला विचारताना ऐकलं,

"उद्या फेकणार कोण?"